पेट्रोल कोण पितं

सेठला आपल्या गाडीबद्दल रंग सोडला तर काहीही माहीत नव्हतं. ती पांढरी आहे, एवढं तो छातीठोकपणे सांगू शकला असता. बॉनेट कुठून उघडतं हे त्यानं कधी पाहिलं नसावं. तरीही गाडी किती पिते, का पिते आणि तिच्यातून कोण काय चोरतं, यावर त्याची मतं ठाम होती. कारण त्याची राईस मिल होती, आणि आमच्या गोंदियात राईस मिल असली की माणसाला बाकीचे सगळे विषयही आपोआप कळायला लागतात असा समज आहे. हा समज मिलवाल्यांपुरताच असता तर मी काही म्हटलं नसतं. तो आमच्या घरातही होता. माझे बाबा त्या सेठचे ड्रायव्हर होते.

आम्ही रेल्वे लाईनच्या पलीकडे राहायचो. दोन खोल्या, पुढे ओटा. ओट्यावर आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची ओली पानं, आणि दिवसभर तिच्या कात्रीचा कचकच आवाज. त्या आवाजाला मागून शंटिंगच्या डब्यांची धडधड आणि आसपासच्या मिलच्या बॉयलरचा फुसकारा साथ द्यायचा. वाऱ्याची दिशा बदलली की घरात उसन्या, म्हणजे अर्धवट उकडलेल्या, तांदळाचा वास भरायचा, भिजलेल्या पोत्यासारखा, जड. बाहेरगावच्या लोकांना त्या वासानं मळमळतं. मला तो आला नाही की आज सुट्टी आहे का असं वाटायचं. जेवायला भात आणि लाखोरीची डाळ, कधी सुकट, आणि थंडीत तळ्यावरून आलेले उकडलेले शिंगाडे, ते सोलताना बोटं काळी व्हायची. जेवता जेवता सेठचा फोन आला की बाबा उभे राहायचे. तोंडात घास, एका हातात फोन, दुसरा उष्टा हात अंगापासून लांब धरलेला, आणि उभे. सेठला फोनमधून काय दिसत होतं? पण बाबा उभे राहायचे, तेही भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोच्या अगदी खाली. मला तो फोटो बघवायचा नाही त्या वेळी.

माझं नाव करुणा. ठेवणाऱ्यांचा हेतू चांगला होता. मी तेव्हा ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करत होते, वर्गात एकटीच मुलगी. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये मधोमध कापलेलं एक इंजिन होतं, त्याला आतून लाल-निळा रंग दिलेला. दसऱ्याला त्याला हार घालायचे, उरलेलं वर्ष त्याच्यावर धूळ बसायची. आमचे एक सर होते, ते प्रॅक्टिकलला मुलांच्या हातात पाने-पक्कड द्यायचे आणि मला म्हणायचे, "तू आकृत्या काढ, तुझं अक्षर चांगलं आहे." माझं अक्षर भिकार होतं. सरांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. आता केसांत पांढरं आलंय आणि माझ्या स्वतःच्या वर्कशॉपमध्ये दिवसाला पाच-सहा गाड्या उभ्या असतात, तरी कुणी माझ्या अक्षराचं कौतुक केलं की मला त्याच्या हेतूचा संशय येतो.

तर गोष्ट सुरू झाली ती गाडीच्या क्लचपासून. क्लच गेला, म्हणून सेठनं गाडी लखन उस्तादकडे पाठवली. हा लखन म्हणजे गोंदियातलं मोठं नाव. स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटायचा आणि निदान करायचा. लोक भोवती श्वास रोखून उभे. मी दोनदा बघितलंय, दोन्ही वेळा निदान चुकलं होतं, पण डोळे इतके सुंदर मिटायचा की लोकांनी पुन्हा त्याच्याकडेच गाडी नेली. त्यानं क्लच बदलला. पंधरवडाभरात मीटरमध्ये इंजिनची पिवळी बत्ती लागली. बाबांनी सेठला सांगितलं. सेठ म्हणाला, "बत्ती से गाड़ी चलती है क्या?" तरी बाबा गाडी पुन्हा लखनकडे घेऊन गेले. त्यानं स्कॅनर लावला, सेन्सर गेला म्हणून सांगितलं, नवा सेन्सर बसवला, बत्ती घालवली. दोन दिवसांनी बत्ती परत आली. तेव्हा लखननं काय करावं? मीटर खोललं आणि त्या बत्तीवर आतून काळी टेप चिकटवली. "अब नहीं जलेगी," म्हणाला. आणि खरंच, मग ती कुणाला दिसली नाही. दुखतंय म्हणून ओरडणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबावा, तसला हा इलाज.

बत्ती झाकली, पण गाडी पेट्रोल प्यायला लागली. पुढच्या महिन्यात पंपाचा हिशेब आला आणि सेठच्या कपाळावर आठी आली. त्यानं लखनला विचारलं. लखन म्हणाला, "एवरेज का क्या है सेठजी, वो तो ड्राइवर के हाथ में रहता है।" झालं. सेठच्या डोक्यात जो दिवा लागला त्याच्यावर मात्र कुणी टेप लावली नाही. त्यानं आपल्या परीनं तपासही केला. नागपूरला जाताना तो स्वतः मागे बसायचा. नागपूरच्या खेपेत गाडीचं एव्हरेज अगदी पहिल्यासारखं यायचं. गावात मात्र, मिल ते घर, घर ते मंदिर, मंदिर ते बाजार, बाबा एकटे गाडी फिरवायचे आणि टाकी भसाभस रिकामी व्हायची. सेठनं यातून अनुमान काढलं: मी बसलो की चोरी होत नाही, मी उतरलो की होते. एवढं शुद्ध तर्कशास्त्र त्यानं आयुष्यात दुसऱ्यांदा वापरलं असेल असं मला वाटत नाही. दुर्दैव असं की ते वरून बघता बरोबर दिसत होतं.

एक दिवस सकाळी पंपावर ऑटोवाल्यांची रांग लागलेली असताना सेठ गाडीतून उतरला. स्वतः दार उघडून उतरला, त्यावरूनच बाबांना कळलं की काहीतरी भयंकर आहे. पंपावर पेट्रोल भरणाऱ्याला, अशोक त्याचं नाव, त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आज से मेरे खाते पे इसको एक बूँद नहीं देना। चोर है।" मग हात पुढे केला. बाबांनी त्या हातावर चावी ठेवली. पंप ते आमचं घर ते चालत आले, आणि गाडी पुसायचं पिवळं फडकं त्यांच्या खांद्यावर तसंच होतं. ते द्यायचं राहून गेलं होतं.

आईनं कात्री थांबवली. "का झालं?"

"गाडी घेतली सेठनं."

"गाडी त्याचीच होती. तुमी कायले रडून राहिले?"

"चोर म्हनलं मले. सगळ्याईच्या समोर."

आईनं सूप खाली ठेवलं. माझी आई देवरीकडची, जंगलातली. तिकडची माणसं बोलायच्या आधी थुंकायला बाहेर जातात. ती बाहेर गेली, आली, आणि म्हणाली, "मंग तुमी का म्हटलं?"

"काही नाही म्हटलं."

"काऊन?"

बाबा खांद्यावरच्या फडक्याची घडी घालत बसले. मला मात्र त्या क्षणी सेठपेक्षा बाबांचाच जास्त राग आला होता, आणि तो मी लपवला नाही. मी पुस्तक आपटून आत गेले.

गाव लहान, मिलवाले सगळे एकमेकांचे व्याही नाहीतर साडू. बाबांना कुणी गाडी देईना. कुणी तोंडावर नाही म्हणत नव्हतं. "बताते हैं" म्हणायचे. आमच्याकडे "बताते हैं" म्हणजे कधीच नाही. बाबा घरी बसले. आईबरोबर पानं कापायला लागले, आणि इतकी वाईट कापायचे की आई ती रात्री गुपचूप बाजूला काढायची. कामठ्याहून माझे काका आले, म्हणाले, जाऊन पाय धर एकदा, मोठी मानसं आहेत, माफ करतीन. काय माफ करतील, हे मी विचारलं तर म्हणाले, तू लहान आहेस. आमच्या नात्यात शहाणपण असं वयानं वाटून दिलेलं असतं, आणि बहुतेकांपर्यंत पोचेपर्यंत ते संपतं.

एका दुपारी पानं कापता कापता बाबा आपणहून हसले. बऱ्याच दिवसांनी हसले म्हणून मी वर पाहिलं. म्हणाले, "त्या लखनच्या मशिनीत का आलं होतं माहीत आहे का? हीटर. मी वाचलं ना बाप्पा. ओटू सेन्सर हीटर. तं तो लखन का म्हनते, गोंदियात हीटर कोनाले पाहिजे, इथं मानूस तसाच भाजून राहिला."

मी विचारलं, "हीटर सर्किट असं होतं का बाबा?"

"होतं. पुढं काही सर्किट-बिर्किट होतं."

मी तिथंच कपाळावर हात मारला. लखननं अर्धंच वाक्य वाचलं होतं. मशीन सांगत होतं की सेन्सरला तापवणाऱ्या हीटरचा वीजमार्ग बिघडलाय. लखननं त्यातलं 'सेन्सर' वाचलं, 'हीटर'वर विनोद केला आणि 'सर्किट' सोडून दिलं. मग मी बाबांना आणि आईला समजावलं. सायलेन्सरच्या नळीत नाक खुपसून बसलेला एक ऑक्सिजनचा, म्हणजे ओटू, सेन्सर असतो. धूर हुंगून तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो, पेट्रोल जास्त होतंय, कमी कर. पण तो चांगला तापल्याशिवाय त्याला वास येत नाही. म्हणून त्याच्या पोटात बारीक हीटर असतो. हीटर बंद पडला की छोट्या छोट्या फेऱ्यांत सेन्सर गारच राहतो, आणि कॉम्प्युटर आंधळेपणानं जास्त पेट्रोल सोडत बसतो, किती पाहुणे येणार हे माहीत नसलं की आई जशी अंदाजानं जास्तच भात टाकते तसा.

"आनि नागपूरले?" बाबांनी विचारलं.

"नागपूरले दोन-तीन तास धुरानंच सेन्सर तापते. मग काम करते."

बाबांच्या हातातलं पान खाली पडलं. सेठ बसला म्हणून नव्हे, रस्ता लांब म्हणून. आई म्हणाली, "म्हनजे गाडीच पेत होती." आणि ती पुन्हा बाहेर जाऊन थुंकून आली.

मी दुसऱ्या दिवशी एकटीच मिलवर गेले. बाबा आले नाहीत, म्हणाले, त्याले वाटन बहाना आहे. सेठ गादीवर बसला होता, डोक्यावर पंखा, समोर तांदळाचे नमुने पसरलेले. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, माझ्या मते फार सोप्या हिंदीत. त्यानं मुठीतले तांदूळ या हातातून त्या हातात ओतत ऐकलं आणि विचारलं, "बाप ने भेजा?" मी नाही म्हटलं. "लखन बीस साल से गाड़ी देख रहा है। तू कितने साल से देख रही है?" मी म्हटलं, तो बघतोय तेच तर बिघडलंय. सेठ हसला, आणि मुनीमजीला म्हणाला, बच्ची को पानी पिलाओ. मी पाणी न पिता आले. मूर्खपणाचा मला तसा त्रास होत नाही. माझ्या धंद्यात तो रोज दारात येतो आणि त्याच्यावरच माझं घर चालतं. पण पैसेवाला मूर्खपणा समोर बसून हसतो ना, तेव्हा त्याचं तोंड गॅसकेटसारखं दोन बोल्टांच्या मध्ये आवळावंसं वाटतं.

पुढचा तमाशा बघायला मजा आली असती, जर घरात बाप पानं कापत बसला नसता. सेठनं नवा ड्रायव्हर ठेवला. टाकी तशीच रिकामी होत राहिली. त्यालाही चोर म्हणून काढला. तिसरा आला, देवळात शपथ घेऊन रुजू झाला, तोही गेला. आता सामान्य माणसाला इथं तरी शंका आली असती. सेठला एवढंच कळलं की दुनिया फार बिघडली आहे. शेवटी त्यानं आपल्या सख्ख्या पुतण्याला, पिंटूला, गाडी चालवायला बसवलं. पिंटू म्हणजे केसांना तेल लावून दिवसभर फोन चोळणारा प्राणी. त्याला सीट मागे सरकवता यायची, बाकी विशेष नाही. महिनाभरानं सेठनं पुतण्यालाही विचारलं, "पेट्रोल कहाँ बेचता है?" गाडी खराब असेल हे मानण्यापेक्षा स्वतःचं रक्त चोर आहे हे मानणं त्याला सोपं गेलं.

एका रविवारी सकाळी आमच्या गल्लीत पांढरी गाडी येऊन उभी राहिली. पिंटू उतरला, बाबांकडे बघून म्हणाला, "काका, आप तो चोर नहीं थे ना?"

मी ओट्यावरून म्हटलं, "आता कळलं?"

"मुझे भी बोल दिया कल। सबके सामने, बुआजी के सामने।" त्याचे डोळे भरले होते. आपल्यावर आल्याशिवाय ज्यांना काहीच कळत नाही, त्या जातीचा तो नमुना होता. पण गाडी घेऊन आला होता, आणि मला गाडी हवी होती. "वो सेन्सर का तुम उस दिन मिल में बोल रही थी... देखोगी क्या?"

इंजिन निवेपर्यंत आईनं त्याला चहा दिला. मग मी बॉनेट उघडलं. गल्लीतले लोक जमले. शेजारची बाई म्हणाली, पोरगी शॉक खाईल. माझ्याकडे एक पिवळा मल्टिमीटर होता, मी स्कॉलरशिपमधून घेतलेला. सेन्सरचा प्लग काढला. चार वायरी, त्यांतल्या दोन पांढऱ्या, त्या हीटरच्या. त्या दोन्हींच्या टोकांना मीटर लावला. काटेकोर हवा तेवढा रोध दाखवला त्यानं. म्हणजे हीटर ठणठणीत. लखननं नवा सेन्सर बसवला तो चांगलाच होता, आणि फेकून दिलेला जुनाही चांगलाच असणार. मग गाडीकडून येणाऱ्या बाजूला टेस्टचा बल्ब लावला आणि बाबांना चावी फिरवायला सांगितलं. बल्ब लागला नाही. हीटरपर्यंत वीजच येत नव्हती. फ्यूजचा डबा उघडला. झाकणाच्या आतल्या बाजूला कुठला फ्यूज कशाचा याचं चित्र असतं, शाळेतलं पोर वाचेल असं. हीटरचा फ्यूज जळालेला. डब्याच्या झाकणावर तर मूळची धूळ होती. बीस साल गाड्या बघणाऱ्यानं हे झाकण उघडलंसुद्धा नव्हतं.

मी नवा फ्यूज घातला. बल्ब लागला. पिंटूनं टाळी वाजवली. मी म्हटलं, थांब. फ्यूज उगीच जळत नाही. कोणीतरी त्याला जाळतं. मी प्लग जोडला, बाबांना इंजिन चालू करायला लावलं आणि वायरिंगचा जुडगा हातानं हळूहळू हलवत मागे मागे गेले. एका जागी हात पोचला आणि फ्यूज परत गेला. तिथं जुडगा धरून ठेवणारी क्लिप तुटलेली होती. वायरी सायलेन्सरच्या पत्र्यावर लोळत होत्या, आणि त्या तापलेल्या पत्र्यानं एका वायरीचं प्लास्टिक वितळून आतलं तांबं उघडं पाडलं होतं. गाडी हादरली की तांबं पत्र्याला टेकायचं आणि फ्यूज उडायचा.

बाबा वाकून बघत होते. "हे तं क्लच काढताना तोडलं त्यानं," ते म्हणाले. "तिथूनच गेरबॉक्स उतरवला होता. मी उभा होतो ना."

म्हणजे बिघाड लखननंच केला होता. स्वतः केला, स्वतः ओळखला नाही, त्यावर टेप लावली आणि वर दोष ड्रायव्हरच्या हाताला दिला. यापेक्षा परिपूर्ण कारागिरी मी नंतरच्या सगळ्या वर्षांत पाहिलेली नाही.

मी ती वायर कापली, जोडली, सोल्डर केलं, स्लीव्ह चढवली, जुडगा पत्र्यापासून दूर बांधून टाकला. नवा फ्यूज. डॅशबोर्डचं मीटर खोलून लखनची टेप काढली. बॅटरीची तार थोडा वेळ काढून ठेवली म्हणजे कॉम्प्युटर जुनी तक्रार विसरेल. मग इंजिन चालू केलं आणि सेन्सरच्या सिग्नलला मीटर लावून बसले. थोड्याच वेळात आकडा वर-खाली नाचायला लागला. सेन्सर जागा झाला होता. धुराचा डोळे चुरचुरवणारा वासही गेला. बाबा गाडीच्या मागे जाऊन सायलेन्सरशी नाक नेऊन उभे राहिले, बराच वेळ. मग त्यांनी ते पिवळं फडकं आणलं आणि माझ्या तेलकट बोटांचे डाग बॉनेटवरून पुसून काढले. मी म्हटलं, कायले पुसून राहिले, तुमची गाडी आहे का? त्यांनी मग आरसेही पुसले.

पिंटूनं आठवडाभर गाडी गावातच फिरवली. टाकी जशी पूर्वी राहायची तशी राहिली. मग तो बाबांना बोलवायला आला, सेठनं बोलावलंय. बाबांनी शर्टाला इस्त्री केली. मी ठरवलं, आपण बरोबर जायचं आणि हा माणूस कसा वाकतो ते नीट बघायचं, म्हणजे पुढे आयुष्यभर आठवायला बरं.

सेठ त्याच गादीवर, त्याच पंख्याखाली. मी जळालेला फ्यूज आणि वायरीचा वितळलेला तुकडा त्याच्या समोर तांदळाच्या नमुन्यांत ठेवला. त्यानं तुकडा चिमटीत धरून पाहिला, जणू उंदराची शेपूट. "अच्छा, तो ये था। चलो, ठीक हो गया।" माझ्याकडे बघून "होशियार है" म्हणाला. मग खिशातून चावी काढून बाबांकडे सरकवली. "गाड़ी धोके खड़ी कर दे। दोपहर में बाजार जाना है।"

बाबांनी चावी उचलली नाही. हात समोर बांधलेले, आवाज नेहमीसारखाच खालचा. "सेठजी, वो चोरी का क्या?"

"कौनसी चोरी? हो गई ना बात खतम।"

"पंप पे शुरू की थी आपने। पंप पे खतम करो।"

सेठला पहिल्यांदा कळलंच नाही. त्यानं पिंटूकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मी शिकवून आणलं असेल अशा नजरेनं. मी शिकवलेलं नव्हतं. मी स्वतःच तोंड उघडं टाकून उभी होते. सेठ हसला. "अब क्या मैं पंप पे जाके भाषण दूँ?"

"चोर बोला था तब भाषण नहीं दिया था," बाबा म्हणाले. "उतनाच बोलना है।" आणि जय भीम म्हणून ते वळले. त्या गादीसमोर त्यांनी कधी नमस्काराशिवाय दुसरं काही केलेलं मी ऐकलं नव्हतं.

मिलच्या फाटकाबाहेर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. आम्ही कोंड्याच्या ढिगाशेजारच्या टपरीवर बसलो. चहाचा गिलास त्यांनी तोंडाला न लावताच खाली ठेवला. "काऊन व," ते म्हणाले, "मी जास्त बोललो का?"

"कमी बोलले, बाबा."

पुढे जे झालं ते मला अशोकनं सांगितलं. गोष्ट पंपावर पोचली होती, ऑटोवाल्यांनी गावभर केली होती, आणि सेठच्या गाडीला आता एकही ड्रायव्हर मिळत नव्हता. आला तर आधी विचारायचा, सेठजी, वायर देखी क्या? मिलवाल्यांच्या बैठकीतही कुणीतरी हसलं म्हणे. मग एका सकाळी पांढरी गाडी पंपावर आली. पिंटू चालवत होता. मागची काच चार बोटं खाली आली आणि आतून सेठ म्हणाला, "ऐ, वो... उसने चोरी नहीं किया था। गाड़ी में खराबी थी।"

अशोकनं पाईप हातात धरूनच विचारलं, "किसने, सेठजी?"

"अरे वोई। राजू।"

"कौन राजू?"

बाबांच्या आधी सेठकडे राजू नावाचा ड्रायव्हर होता. तो गेला, बाबा आले, पण सेठनं नाव बदलायची तसदी घेतली नव्हती. गाडी तीच, मग राजूही तोच. बाबांनी हे घरी कधीच सांगितलं नव्हतं. रांगेतले ऑटोवाले पुढे सरकून ऐकायला लागले. पिंटूनं मागे न बघता सांगितलं, "मनोहर काका।"

"उसका नाम मनोहर है?" सेठ म्हणाला. मग काचेच्या फटीतून पुन्हा, "हाँ। मनोहर ने चोरी नहीं किया था।" आणि काच वर गेली.

अशोकनं हे हसत हसत सांगितलं. आई हसली नाही. बाबांनी फक्त विचारलं, "मोठ्यानं बोलला का?" अशोक म्हणाला, सगळ्यांनी ऐकलं. बाबांनी मान हलवली आणि अशोकला चहा घेऊन जा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो तेव्हा पिंटू आला, निरोप घेऊन. चाचा वाट बघतायत, कधीपासून येताय. बाबा बसूनच राहिले. भात कालवून घास घेतला, चावला, गिळला.

"मी येतो म्हनून कुठं म्हटलं होतं?"

"लेकिन काका, चाचा ने तो पंप पे बोल दिया ना! आपने बोला था करके!"

"चांगलं केलं. त्याले बोलाचंच होतं." बाबांनी डाळ वाढून घेतली. "मी देवरीच्या जीपवर लागलो. सोमवारपासून."

हे आम्हालाही तेव्हाच कळलं. आईनं बाबांकडे पाहिलं, मग पिंटूकडे, तो दारात तसाच उभा होता, पुढे काय करायचं ते न कळून. "जेवतोस का?" ती म्हणाली. तो लगेच बसला. दोनदा भात मागून घेतला, चाचा घरी कसे सगळ्यांचा जीव खातात ते घास तोंडात असतानाच सांगितलं, आणि उठताना डाळीत मीठ कमी आहे असंही म्हणाला.